गायक : चंपतराव आणि पार्टी

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी घरातल्या मुलीची पाठवणी तुम्ही पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. नवरी गाडीच्या पायरीवर पाय ठेवते आणि खाली घेते. पुन्हा ठेवते, पुन्हा खाली घेते. असं चार वेळा. मग ठक् असा आवाज येतो आणि नवरी गाडीत बसते. मुधोळकडं तर ठक् झाल्यावर वराचा बाप दोनदा खोकतो. नाही खोकला तर बाया एकमेकींकडं बघतात.

कुणाही म्हाताऱ्याला विचारा, ही रीत कुठली? तो सांगेल, निजामाच्या आधीपासूनची आहे. डोंबलाची आधीपासूनची! ही रीत सुरू झाली १९७१ च्या उन्हाळ्यात, इचोड्याच्या फकिराच्या स्क्रू-ड्रायव्हरमुळं. आणि ज्या गाण्यावर ती चालते ते गाणं माझ्या बायकोनं म्हटलेलं आहे. मी नागोराव, बोथच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. दुसऱ्याची चूक दिसली की लाल शाईचा पेन काढायचा, एवढंच मला आयुष्यभर येत आलं. या गोष्टीतली सगळ्यात मोठी चूक मात्र माझी स्वतःची आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

१९६७ साली एक रेकॉर्ड कंपनी हैदराबादला हॉटेलात दोन खोल्या घेऊन आठ दिवस बसली होती. खिडक्यांना गाद्या लावून आत गाणी भरत होती. आमच्या समाजात चंपतराव म्हणून एक पेटीवाले होते, भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गाजलेले. त्यांनी मुधोळजवळच्या खेड्यातली सतरा वर्षांची एक मुलगी बरोबर नेली, सोबत तिचा बाप. मुलीचं नाव पंचफुला. कापूस वेचताना ती स्वतःच गाणी जोडायची. त्यातलंच एक तिनं तिथं म्हटलं. कंपनीच्या माणसानं त्याला गिटार लावली, बाँगो लावला, आणि ठेका असा काही बसला की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलायचा.

गाणं सोपं आहे. मुलगी सासरी निघालीय आणि तिला गाडीत बसायचं नाही, म्हणून ती गाडीवानाला एकेक निमित्त सांगते.

*गाडीवान दादा, धर जरा कासरा,*
*आरशाच्या खाली राह्यला माझा गजरा.*

*गाडीवान दादा, थांबव तुझी जोडी,*
*फणी राह्यली कोनाड्यात, वाट पाह्य थोडी.*

मग तिसरं कडवं, त्याबद्दल पुढं बोलू.

आता माझा पराक्रम ऐका. त्याच महिन्यात पंचफुलाचं माझ्याशी ठरलं होतं. माझा बाप सालगडी. आमच्या अख्ख्या खानदानात पगारी नोकरी लागलेला मी पहिला. बोथला मास्तर झालो होतो, पांढरा शर्ट रोज इस्त्री करून घालत होतो आणि रोज घाबरत होतो. मास्तरची बायको रेकॉर्डवर गाते, हे इन्स्पेक्टरच्या कानावर गेलं तर? हेडमास्तर काय म्हणतील? चहाच्या हॉटेलात तिचं गाणं लागलं आणि शेजारच्यानं माझ्याकडं बघून डोळा मारला तर? तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी मी कंपनीला पोस्टकार्ड टाकलं. मजकूर अजून तोंडपाठ आहे. ‘आपणाकडे गायलेल्या कु. पंचफुला हिचे लग्न ठरले असून तिचे नाव रेकॉर्डवर छापू नये. कळावे. मुलीकडील एक जबाबदार गृहस्थ.’

मुलीकडील! जबाबदार! स्वतःचं नाव घालायचीही छाती झाली नाही माझी.

कंपनीनं काय केलं, यादीत दुसरं नाव होतं ते घातलं. पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली, तोवर आमचं लग्न झालं होतं. नांदेडच्या दुकानातून मेव्हण्यानं एक आणून दिली. पंचफुलानं पाकिटातून काढली, मधल्या लाल कागदावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, “वाचा.” तिला तेव्हा वाचता येत नव्हतं.

मी वाचलं. “गायक, चंपतराव आणि पार्टी.”

“अन् माहं नाव?”

“नाही दिसत.”

“खाल्लं!” ती म्हणाली. “त्या चंपतरावानं माहं नाव खाल्लं! पेटी वाजवली त्यानं अन् गायक म्हने तो! मुडद्याचं तोंड नाही पाहनार मी जलमभर.”

हे ऐकून मी माठातलं पाणी प्यायलो. दोन गडवे. त्या वेळी सांगितलं असतं तर एका संध्याकाळच्या भांडणात मिटलं असतं. पण नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगणं त्याहून अवघड झालं आणि वर्ष गेल्यावर तर विचारूच नका. ती रेकॉर्ड तिनं पुन्हा पाकिटात घातली, ट्रंकेत ठेवली, आणि माझ्यासमोर गाणं म्हटलं नाही. मीही म्हण म्हटलं नाही. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

पण गाणं काही ट्रंकेत राहणारं नव्हतं. इचोड्याला फकिरा लाउडस्पीकरवाला होता. दोन भोंगे, एक मशीन, एक बॅटरी आणि सायकलला जोडलेला गाडा. त्यानं त्या रेकॉर्डची एक प्रत मिळवली आणि प्रत्येक लग्नात पाठवणीला लावायला लागला. लोक वेडे झाले. बाया रडायच्या आणि रडता रडता ठेकाही धरायच्या.

मग १९७१ चं ते लग्न. पंगत बसलेली, जिलेबी तळून राह्यले होते. फकिराच्या मशीनचा कुठला तरी स्क्रू ढिला झाला होता. शहाण्या माणसानं रेकॉर्ड काढून ठेवली असती. हा चालू रेकॉर्डवर वाकून स्क्रू पिळत होता आणि डोळे जिलेबीच्या कढईवर. हात सटकला. रेकॉर्डवर हा एवढा ओरखडा!

त्याला वाटलं, काही होत नाही. पाठवणीला तीच लावली आणि स्वतः पंगतीत जाऊन बसला. तिसऱ्या कडव्यात ‘फणी नको, गजरा नको, धावत माघारी गेली’ अशी ओळ आहे. नवरीनं बैलगाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि सुई ओरखड्यात अडकली. माघारी गेली. माघारी गेली. माघारी गेली. पोरगी आधीच रडवेली. तिला वाटलं, गाणंच सांगतंय तर काय करणार? तिनं पाय खाली घेतला. मावशीनं ढकललं, तिनं वर ठेवला. माघारी गेली! घेतला खाली. अशी त्या गरीब पोरीची कवायत चालली. तिकडून फकिरा तोंडात जिलेबी, हात पाकानं भरलेले, ‘आलो आलो’ करत धावला आणि मशीनला बुक्की मारली. ठक्. सुई उडाली ती थेट शेवटच्या वाजंत्रीवर जाऊन पडली. पोरगी गाडीत बसली. अख्ख्या मांडवाच्या डोळ्यांत पाणी. अशी पाठवणी आपण जन्मात पाहिली नाही, असं जो तो म्हणाला.

पुढच्या लग्नात लोकांनी फकिराला सांगितलं, “तसंच लाव.” झालं! हा बरोबर चार वेळा अडकू द्यायचा आणि मग बुक्की मारायचा. दोन वर्षांत रीत झाली. दहा वर्षांत पूर्वापार झाली. पुढं इचोड्याला रोडवर कॅसेटचं दुकान निघालं, ट्रकवाल्यांसाठी. त्या दुकानदारानं फकिराच्याच मशीनवरून गाणं कॅसेटवर उतरवून घेतलं, ओरखड्यासकट आणि बुक्कीसकट. त्या दिवशी फकिराला खोकला झालेला. तोही उतरला. ती कॅसेट मुधोळपर्यंत गेली आणि तिकडं वरबाप खोकायला लागले. आमचे तेलुगू शेजारीही आता ते लावतात. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, पण पाय चार वेळा खाली घेतात.

आम्ही बौद्ध लोक. हळदीचे खेळ सोडले, मुहूर्त सोडले, नवससायास सोडले. मोठ्या अभिमानानं सोडले. आणि धरलं काय, तर स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा! मी एकदा जयंतीच्या सभेत यावर भाषणच ठोकलं. “बंधूंनो, ही रूढी नाही, हा बिघाड आहे!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो तर एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, “सर, माह्या पोरीच्या लग्नात तुमच्या ओळखीनं फकिराची तारीख मिळंन का?”

पंचफुलाचा मात्र जीव जायचा. रागाचं कारण ओरखडा नव्हता. फकिराच्या बुक्कीनं सुई जिथून जिथं उडायची, त्यामध्ये गाण्याची शेवटची ओळ होती. ‘धावत माघारी गेली’ याच्या पुढची. मुलगी माघारी गेली, मग काय झालं? ते त्या ओळीत होतं, आणि जिल्ह्यात ते आता कुणाला आठवतही नव्हतं.

“अवं, तीच तर ओळ होती,” ती म्हणायची. “बाकीचं गानं त्या ओळीसाठी जोडलं मी. नाव खाल्लं चंपतरावानं, अन् ओळ खाल्ली त्या फकिरानं. माहं राह्यलं काय?”

मी पाणी प्यायचो.

ती ओळ मलाही माहीत नव्हती. फकिराची रेकॉर्ड धड होती तेव्हा ते गाणं लागलं की मी लाजेनं मांडवाबाहेर सटकायचो. घरातली रेकॉर्ड ट्रंकेत, आमच्याकडं मशीन नाही, आणि तिला विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं आणि विषय नावावर गेला म्हणजे?

१९९१ च्या मे महिन्यात आमच्या एकुलत्या एका मुलीचं, यशोधराचं, लग्न ठरलं. मुलगा मुधोळचा, बँकेत क्लार्क. घर चांगलं. मुलाची आई द्वारकाबाई जरा कडक, पण मनानं सरळ. एकच भानगड होती. चंपतराव मुलाचे दूरचे मामा लागत होते. सोयरीक जुळवताना ते नाव कुणी काढलं नाही. दोनदा निघणार होतं, मी चहा मागवला.

लग्नाच्या आठ दिवस आधी पंचफुलानं जाहीर केलं. “यशीच्या पाठवणीले रेकॉर्ड लागनार नाही. मी म्हनीन. पुरं म्हनीन. अन् हे गानं माहं हाय, हे सगळ्याईले सांगूनच म्हनीन. माह्या पोरीच्या मांडवात नाही म्हटलं तर मंग कवा म्हनू?”

इतक्या वर्षांत तिनं मला दुसरं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि माठाकडं गेलो.

लग्न सकाळी छान लागलं. त्रिसरण-पंचशील झालं, जेवणं झाली. चार वाजता मुधोळवाल्यांची जीप मांडवाच्या तोंडाशी आली, आणि मागच्या सीटवरून पेटी सांभाळत चंपतराव उतरले. सकाळच्या लग्नाला त्यांची बस चुकली होती म्हणे. मला वाटलं होतं, ते येतच नाहीत. केस पांढरे झालेले, अंगात तोच सिल्कचा कुडता.

पंचफुलानं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. “हा काऊन आला?”

“मामा आहे म्हणतात. दूरचा.”

“तुमाले माहीत होतं?”

“मला आत्ता... म्हणजे कानावर आलं होतं.”

ती काही बोलायच्या आत द्वारकाबाई आल्या. “चला, पाठवणीचं घ्या. फकिराभाऊ, लावा रेकॉर्ड.”

“रेकॉर्ड नाही,” पंचफुला म्हणाली. “मी म्हननार हावो.”

“म्हना की. पन चार बार अडकून म्हना. अन् ठक् कोन करनार?”

“अडकनार नाही मी! रेकॉर्ड फुटली हाय त्याची, मी थोडीच फुटली! सरळ म्हनीन.”

द्वारकाबाईंनी पदर खोचला. “विहीनबाई, चार बार पाय खाली घेतल्याबिगर आमी सून नेत नाही. आमच्या सासूपासून चालू हाय.”

“तुमच्या सासूच्या वक्ताले हे गानं नव्हतंच!”

“पन पाय व्हता!”

मी बोटांवर त्यांच्या सासूचं साल मोजायला लागलो. तेवढ्यात चंपतरावांनी, देव जाणे कोणत्या मुहूर्तावर, तोंड उघडलं. “अरे, भांडता काऊन? गानं आपलंच हाय. म्हनू द्या तिले. माही परवानगी हाय.”

बस्स.

“परवानगी?” पंचफुलाचा आवाज असा चढला की आचारी झारा हातात घेऊन बाहेर आले. “माहं नाव खाऊन बसला तू, अन् मले परवानगी देतं? गायक म्हने चंपतराव! अरे, तुले सूर तरी लागते का? लाज नाही वाटली पोरीबाळीचं नाव गिळाले?”

चंपतरावांचा चेहरा पडला, मग लाल झाला. “मी गिळलं? अवं, कंपनीनं मले सांगितलं, मुलीकडून कार्ड आलं, नाव छापू नका म्हनून. मले वाटलं, तुलेच लाज वाटून राह्यली माह्यासोबत नाव द्याची. मी तवा रडलो होतो, माहीत हाय? भरल्या मांडवात अपमान कराले बोलावलं का मले?” आणि त्यांनी पेटी उचलली. “चला रे. जिथं मामाची अशी इज्जत, तिथं थांबनं नाही.”

मुधोळवाले उठायला लागले. कुणी चपला शोधतंय, कुणी जीपवाल्याला हाक मारतंय. नवरदेव बिचारा गळ्यातला हार धरून इकडं तिकडं पाहतोय. द्वारकाबाई म्हणाल्या, “आधी माफी मांगा भाऊची, मंग सुनेचं बोलू.” पंचफुला म्हणाली, “माह्या बापानं नाही टाकलं कार्ड. तो अंगठा करत होता. हा खोटं बोलून राह्यला. मेली तरी माफी नाही मागनार.” आणि यशोधरा जीपच्या पायरीजवळ उभी, डोळ्यांत पाणी, एकदा आईकडं पाहते, एकदा माझ्याकडं.

सांगितलं तर बायको जाते, नाही सांगितलं तर मुलीचं लग्न जातं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी पाण्याचा गडवा शोधला. टाकीत पाणी संपलं होतं. मग फकिराजवळ गेलो आणि त्याच्या हातातला माईक घेतला.

फकिरा म्हणाला, “सर, आधी हॅलो म्हना. आवाज पाहू द्या.”

“हॅलो,” मी म्हटलं. लिंबाच्या झाडावरच्या भोंग्यातून ते तहसील कचेरीपर्यंत गेलं असणार. मला भाषणाशिवाय दुसरं बोलता येत नाही, म्हणून मी भाषणच सुरू केलं. “उपस्थित बंधू आणि भगिनींनो. मी नागोराव, मुख्याध्यापक, पूर्ण शुद्धीत कबूल करतो की १९६७ साली रेकॉर्ड कंपनीला जे पोस्टकार्ड गेलं, ते मी लिहिलं. चंपतरावांनी काही खाल्लं नाही. पंचफुलाच्या बापानं काही लिहिलं नाही. नाव मी काढायला लावलं. मला लोकांची लाज वाटत होती. आता माझीच वाटते.” एवढं बोलून मला थांबता येईना. “हे गाणं पंचफुलानं रचलं आणि पंचफुलानं म्हटलं. सगळ्यांनी नोंद घ्यावी. जयभीम.”

कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

पंचफुला माझ्याकडं आली. मी डोळे मिटून घेतले, कारण शाळेत असताना मला मार खायची सवय होती, ती गेलेली नव्हती. तिनं फक्त माझ्या हातातला माईक घेतला. मग ती चंपतरावांसमोर गेली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “भाऊ, चुकलं माहं. तेवीस वरसं शिव्या दिल्या तुमाले.”

चंपतरावांनी नाक पुसलं. खुर्चीवर बसले, पेटी मांडीवर घेतली आणि भाता ओढला. “काळी चार, ना पंचफुला?”

“आता तीन,” ती म्हणाली. “वय झालं.”

आणि ती गायला लागली.

काय सांगू तुम्हाला! तेवीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो, आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा पुरा ऐकला. जाडसर झाला होता, वरच्या पट्टीत थोडा फाटत होता, पण रेकॉर्डवर जो खोडकरपणा होता तो तसाच. ‘धर जरा कासरा’ म्हटल्याबरोबर मांडवातल्या लोकांची तोंडं उघडी पडली. अरे, हीच की ती! ज्यांनी बाराशे लग्नांत हा आवाज ऐकला होता, तीच माणसं मला ढोसायला लागली, “सर, काऊन नाही सांगितलं?” उठलेले मुधोळवाले होते तिथंच बसले.

गजरा झाला, फणी झाली. तिसरं कडवं आलं. यशोधरानं पायरीवर पाय ठेवला. सगळे तयार. द्वारकाबाई बोटं उघडून मोजायला बसल्या. वरबापानं खोकायला घसा साफ केला. फकिरा सवयीनं मशीनजवळ गेला आणि त्यानं बुक्की वर उचलली.

*फणी नको, गजरा नको, धावत माघारी गेली...*

यशोधरानं पाय खाली घेतला. एकदा. लोक दुसऱ्या वेळेची वाट बघायला लागले. आणि पंचफुला अडकली नाही. मुलीकडं पाहत, अगदी हळू, तिनं पुढची ओळ म्हटली.

*माय म्हने, बस बाई, मीबी अशीच आली.*

आणि यशोधरा बसली. कुणी ढकललं नाही, कुणी ठक् केलं नाही. त्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर ती शांतपणे वर चढली आणि सीटवर जाऊन बसली. मांडवात एवढ्या लोकांत फक्त तिलाच कसं कळलं की आता बसायचं, हा प्रश्न मला पडला. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण द्वारकाबाई रडत होत्या. हमसून हमसून. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्या उमरीहून मुधोळला आल्या होत्या म्हणे. त्यांचा नवरा घाबरून विचारतोय, “अवं, चार बार नाही झालं ना? अन् मी खोकू का नको?”

“गप बसा हो!” त्या म्हणाल्या. मग जीपमध्ये चढल्या आणि यशोधराला म्हणाल्या, “सरक बाई. मी बसतो तुह्याजवळ.”

फकिराची बुक्की अजून हवेतच होती. ती त्यानं हळूच खाली घेतली आणि खिशात घातली.

जीप गेली. लोक पांगले. चंपतराव मागच्या गाडीत बसताना मला म्हणाले, “सर, अक्षर चांगलं होतं तुमचं. कंपनीवाल्यानं कार्ड दाखवलं होतं मले.” मी मान खाली घातली. दुसरं काय घालणार?

मांडवात मी आणि पंचफुला राहिलो. फकिरा झाडावर चढून भोंगा सोडत होता. ती सतरंजीवर पाय पसरून बसली होती. मी थोडं अंतर ठेवून बसलो.

“राग आला?” मी विचारलं.

“मंग काय पेढे वाटू? लय राग आला. आता महिनाभर बोलनार नाही मी तुमच्याशी.”

“पण म्हटलीस किती छान.”

“राग तुमचा हाय. गान्याचा काय दोष?”

मग राहवेना. “ती शेवटची ओळ... पुन्हा एकदा म्हणशील? मी आज पहिल्यांदा ऐकली.”

“तेवीस वरसं घरातच होती. कवा इचारलं?”

“यशीला कसं कळलं, कधी बसायचं ते?”

पंचफुलानं माझ्याकडं नीट पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. शाळेत एखाद्या मठ्ठ पोराला आपण समजावून सांगतो तसं सांगितलं. “तिले पुरं गानं पाठ हाय. पाच वरसाची होती तवापासून. रोज म्हनत होतो आमी दोघी, सयपाक करता करता. तुमी शाळेतून आले का चूप बसत होतो.”

मग मात्र मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं, आवरेना. फकिरा झाडावरून उतरला, भोंगा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “सर, असं करू नका. पोरगी चांगल्या घरी गेली.”